माझा छंद आणि नाक्यावरचा एक फोटो

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विद्यार्थ्यांना एखाद्या छंदाविषयी चार शब्द सांगा’ अशी आज्ञा चिटणीससाहेबांनी केली, तेव्हा मी जरा संकोचलो. मी व्यवसायाने शिक्षक. बोईसरला राहतो, पालघरला शिकवतो आणि रोज डहाणू लोकलने ये-जा करतो. वक्तृत्व हा माझा प्रांत नाही, आणि ज्या छंदाविषयी बोलायचे त्यातही मी अजून शिकाऊच आहे. पण शिकाऊ माणसाला एक गोष्ट चांगली सांगता येते, ती म्हणजे त्याच्या चुका. आज मी मुख्यतः त्याच सांगणार आहे.

चार वर्षांपूर्वी मी एक जुना, वापरलेला कॅमेरा साडेअकरा हजारांना विकत घेतला. आमच्या घरच्या मंडळींचे मत असे पडले की, एवढ्या पैशांत चांगले शिलाई मशीन आले असते आणि त्यातून घरात काही मिळकत तरी झाली असती. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लग्नाचे फोटो काढावेत तर चार पैसे मिळतात. पण मला ओढ लागली ती रस्त्यावरच्या छायाचित्रणाची. म्हणजे स्टुडिओ नाही, पडदा नाही, ‘जरा हसा’ म्हणून सांगणे नाही. बाजारात, स्टेशनवर, बंदरावर माणसे जशी वागतात, काम करतात, वाट पाहतात, तशी ती टिपायची. हा बिनपैशाचा उद्योग आहे, हे मी आधीच कबूल करतो.

या कलेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८३८ साली फ्रान्समधील दागेर नावाच्या गृहस्थाने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र आपल्या खिडकीतून टिपले. त्या काळी चित्र उमटायला काही मिनिटे लागत. रस्ता गाड्याघोड्यांनी गजबजलेला असणार; पण चित्रात तो ओस दिसतो, कारण जे हलत होते ते उमटलेच नाही. फक्त एक गृहस्थ पाय पुढे करून बुटांना पॉलिश करून घेत उभा होता. तो स्थिर राहिला म्हणून चित्रात आला, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाराही अंधूकसा आला. छायाचित्रात आलेली ही बहुधा पहिली माणसे, असे मानले जाते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपला फोटो निघाला हे त्यांना कधी कळलेही नसेल. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान होते. पुढे होमाई व्यारावाला या बाईंनी वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढून देशात नाव कमावले. १९१३ साली जन्मलेल्या या बाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. मुलींना हा छंद शोभत नाही असे म्हणणाऱ्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कॅमेऱ्याचे मूळ तत्त्व शोधायला युरोपातच जावे लागते असे नाही. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असले की बाहेरचा प्रकाश आत कसा येतो, याचे प्रयोग त्यांनी केले. आम्ही हा प्रयोग वर्गात केला. खिडक्यांना काळे कागद लावले, एका कागदाला पेन्सिलीच्या टोकाएवढे भोक पाडले आणि दोन मिनिटे थांबलो. समोरच्या भिंतीवर मैदानातले झाड उलटे उभे राहिले! त्याखालून जाणारा शिपाई डोके खाली करून चालू लागला. मुलांनी जो गलका केला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरचा किरण खाली आणि खालचा वर पडतो, म्हणून चित्र उलटे. कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली, फक्त हातात मावणारी.

एक प्रश्न मला वडीलधाऱ्यांनी वेळोवेळी विचारला आहे, तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सजीवांची तस्वीर काढणे दीनच्या दृष्टीने कितपत योग्य? मी आलिम नाही आणि फतवा देण्याचा मला अधिकार नाही. उलेमांमध्ये या बाबतीत मतभेद आहेत, एवढे मला माहीत आहे. काहींनी कॅमेऱ्याच्या चित्राला हाताने काढलेल्या चित्राचाच नियम लावला, तर काहींनी ते आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानून परवानगी दिली. हजला जायचे तरी पासपोर्टवर फोटो लागतोच. ज्याचे मन घेत नाही त्याने माणसांऐवजी होड्या, झाडे, इमारती, सावल्या यांचे फोटो काढावेत. त्यातही आयुष्य पुरणार नाही इतके शिकण्यासारखे आहे. आणि एखाद्याने ‘माझा फोटो नको’ म्हटले तर कारण न विचारता कॅमेरा खाली घ्यावा.

आता थोडे तंत्राविषयी. पहिले सहा महिने माझे सारे फोटो वाया गेले. मी सुट्टीच्या दिवशी आरामात उठून, न्याहारी करून दुपारी बाहेर पडत असे. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली बसते आणि चांगला हसरा माणूसही आजारी दिसतो. मग कळले की फज्रच्या नमाजनंतर घराबाहेर पडावे. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि मावळतीच्या आधीचा शेवटचा तास, एवढाच आमच्या कामाचा. दुसरी गोष्ट, दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाचा मोह सोडावा. दुरून चोरून काढलेल्या फोटोत माणूस येतो, पण त्याची जागा, त्याचा बाजार, त्याचे शेजारी येत नाहीत. साध्या भिंगाने चार-पाच पावलांवर उभे राहून काढलेला फोटो बोलतो. तिसरी गोष्ट वेगाची. चालता माणूस स्पष्ट यायला शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाएवढेच उघडे राहिले पाहिजे. अंधार पडल्यावर मी तेच शटर हळू करतो, मग माणसे धूसर येतात आणि दुकाने स्थिर राहतात. दागेरच्या रस्त्यासारखीच ही गंमत आहे.

जागांना आपल्याकडे तोटा नाही. पालघरच्या पाचबत्तीला १४ ऑगस्ट १९४२ रोजी पाच तरुण गोळीबारात हुतात्मा झाले. त्याच चौकात आज रिक्षा, भाजीवाल्या, शाळेच्या सायकली यांची गर्दी असते. सातपाटीच्या बंदरावर होड्या लागल्या की टोपल्यांची धावपळ सुरू होते; वलांडीवर बोंबील सुकत असले म्हणजे त्यांच्या सावल्यांची जाळी वाळूवर पडते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या आडोशाला जाळी विणणारे हात दिसतात. चिंचणी-वरोरकडे घराघरांत दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर दिव्याखाली मान वाकवून बसलेले असतात. आणि बोईसर! सकाळच्या पाळीला कारखान्यांकडे निघालेली माणसे, रात्रपाळीहून परतणारी माणसे, दोन्ही एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. एकाच्या चेहऱ्यावर झोप सरत असते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती उतरत असते.

कायद्याचेही भान हवे. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्या देशात सरसकट मनाई नाही. पण १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखाली काही ठिकाणे प्रतिबंधित असतात. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्या परिसरात कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, हे साधे व्यवहारज्ञान आहे. माझ्यावर एकदा एका कारखान्याच्या फाटकाबाहेर चांगलाच प्रसंग आला. मला तिथल्या चहावाल्याचा फोटो हवा होता. पहारेकऱ्याला वाटले मी फाटकाचा काढतो आहे. तासभर उभे राहिलो, ओळखपत्र दाखवले, फोटो पुसले आणि लोकल चुकवली. त्याचे काम त्याने केले. चूक माझी, मी आधी बोललो नाही.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. २०२० च्या एप्रिल महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, गडचिंचले येथे, चोर-मुले पळवणारे आल्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. अनोळखी माणसाविषयी गावाच्या मनात भीती असते आणि अफवा त्या भीतीवर वाढते. म्हणून पाड्यावर, वस्तीत कधीही एकट्याने जाऊन कॅमेरा काढू नये. आधी ओळखीच्या माणसाबरोबर जावे, नाव सांगावे, पाणी मागावे, बसावे. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय कधीही काढू नयेत. हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना विनाअपवाद घालून दिला आहे.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगण्याची परवानगी मी संबंधित गृहस्थांकडून घेतली आहे, आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी बोईसरच्या एका नाक्यावर सकाळी उभा होतो. तिथे रोजंदारीची माणसे कामाची वाट पाहत जमतात. कोणाच्या हातात थापी, कोणाच्या पिशवीत ओळंबा, प्रत्येकाजवळ जेवणाचा डबा. मुकादम आला की घोळका त्याच्याकडे धावतो. चार जणांना काम मिळते, बाकीचे पुन्हा फुटपाथवर येतात. माझ्या पाठीमागून कोवळे ऊन येत होते. घोळक्यापासून थोडा बाजूला एक माणूस उभा होता. अंगात एखाद्या कंपनीचा निळा शर्ट, खिशावरची नावाची पट्टी उसवून काढलेली; तेवढी जागा बाकीच्या कापडापेक्षा गडद राहिलेली. त्याने उजवा हात कपाळाशी नेला, जणू डोळ्यांवर येणारे ऊन अडवतो आहे. मी बटण दाबले. घरी येऊन पाहिले तो मलाच खरे वाटेना. तोपर्यंत माझ्या हातून इतका चांगला फोटो निघाला नव्हता.

महिन्याभराने शाळेत प्रदर्शन होते. मी तो फोटो मोठा करून घेतला आणि मोठ्या हौसेने खाली शीर्षक लिहिले, ‘उन्हाच्या आडोशाला’. पाहुण्यांनी वाखाणणी केली. दुपारी मुलांच्या घोळक्यातून एक आवाज आला, ‘अरे, हे तर तुझे अब्बा!’ मी वळून पाहीपर्यंत तो मुलगा निघून गेला होता. पुढचे चार दिवस तो शाळेत आला नाही.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चाळीतली एक खोली. वडील घरी होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग म्हणाले, ‘सर, कंपनी बंद होऊन सात महिने झाले. घरात फक्त हिला माहीत होतं. मुलाची परीक्षा होईपर्यंत त्याला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. म्हणून रोज तोच शर्ट घालून, डबा घेऊन, पाळीच्या वेळेला निघत होतो.’

मी खाली मान घालून म्हटले, ‘मला माफ करा. मी तुम्हाला ओळखलं नाही.’

ते म्हणाले, ‘मी ओळखलं होतं. पालकसभेला भेटलो होतो ना आपण. मी सलाम केला तुम्हाला.’

मित्रांनो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाळाशी गेलेला तो हात ऊन अडवत नव्हता. तो माणूस मला सलाम करत होता. त्याच्या आणि माझ्यामध्ये माझा कॅमेरा होता. मी ऊन पाहिले, शर्टाचा रंग पाहिला, खिशावरची खूण पाहिली. फक्त सलाम पाहिला नाही. वर त्याला शीर्षकही देऊन बसलो!

‘मग तेव्हाच मला का नाही हटकलंत?’ मी विचारले. ते म्हणाले, ‘मला वाटलं, तुम्ही रस्त्याचा फोटो काढताय. माझा कोण कशाला काढेल?’

मी त्यांच्यासमोर कॅमेऱ्यातून आणि घरी जाऊन संगणकावरून तो फोटो पुसून टाकला. भिंतीवरची प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती नीट गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. मुलगा सोमवारी शाळेत आला. वडिलांनी त्याला सारे स्वतः सांगितले होते. पण ते सांगण्याची वेळ त्यांनी निवडायची होती, ती मी त्यांच्याकडून हिरावून घेतली. हे नुकसान माझ्या माफीने भरून निघालेले नाही. ते गृहस्थ आता दुसरीकडे कामाला लागले आहेत. मुलगा बरेच दिवस माझ्याशी मोजकेच बोलत असे. गेल्या महिन्यात त्याने वर्गात हात वर करून विचारले, ‘सर, शटर म्हणजे नेमकं काय?’ मी त्याला शटर समजावून सांगितले. त्यापलीकडे आमचे बोलणे झालेले नाही.

यावर कोणी म्हणेल, आधी विचारले तर माणूस सावध होतो, केस सारखे करतो आणि फोटोतला जिवंतपणा जातो. हा आक्षेप खरा आहे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच छायाचित्रकाराने न सांगता-सवरता, नेमक्या क्षणी फोटो काढले आणि ते जगाने डोक्यावर घेतले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येच्या दिवशी, हत्येपूर्वी थोडाच वेळ तो त्यांना भेटला होता. त्या दिवसांचे त्याचे फोटो नसते तर आपण बऱ्याच गोष्टींना मुकलो असतो. पण दुसरीही वाट आहे. आपल्या महाराष्ट्राचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन टिपले, ते त्यांच्यात मिसळून, वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत राहून. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅमेऱ्याची सवय झाली की माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. घाई आपल्याला असते, त्याला नसते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला न्यायालयात जायला सवड नसते. त्याचा हक्क आपण सांभाळला तरच सांभाळला जातो. तेव्हापासून मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. आधी सलाम-नमस्कार, मग कॅमेरा. क्षण निसटेल म्हणून आधी काढलाच, तर लगेच जवळ जाऊन दाखवायचा आणि ‘नको’ म्हटल्यास त्याच्यासमोर पुसायचा. ज्याचा फोटो काढला त्याला शक्यतो एक प्रत नेऊन द्यायची. पंधरा-वीस रुपयांत प्रत निघते, आणि त्या निमित्ताने पुन्हा भेट होते. कोणाची गरिबी, कोणाचे दुःख भिंतीवर लावण्याआधी त्या जागी आपले वडील असते तर काय वाटले असते, हे स्वतःला विचारायचे.

मग हा छंद सोडून का दिला नाही? मलाही तो प्रश्न पडला होता. तीन महिने कॅमेरा पेटीत होता. पण आपला मुलूख झपाट्याने बदलतो आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपल्या जागेवरून उठवली गेली. तिथली विहीर, ओटा, शाळेची वाट ज्यांच्या जुन्या फोटोत आहे, त्यांच्याकडेच ते गाव उरले आहे. २०१४ साली आपला जिल्हा झाला, पालघरचे रूप पालटले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि त्यांची काळजी आपण जाणतो. बरे होईल की वाईट, हा वाद मोठ्यांचा आहे. पण आजचा किनारा आज कसा होता, हे कोणीतरी नोंदवून ठेवले पाहिजे. बाहेरचा मोठा छायाचित्रकार येईल, दोन दिवस राहील आणि जाईल. कोणती होडी कोणाची, कोणत्या ओट्यावर कोण बसते, हे आपल्याच मुलांना ठाऊक आहे.

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलांना कॅमेरा घेऊन देऊ नका. घरातला साधा मोबाईल पुरे आहे. आठवड्यातून एक तास, एकच जागा आणि पाचच फोटो, असा नियम घाला. पाचच काढायचे म्हटले की मुलगा आधी पाहायला शिकतो. प्रत्येक फोटोखाली दिनांक, ठिकाण आणि माणसाचे नाव लिहायला लावा. नाव लिहायचे तर ते विचारावे लागते, आणि विचारायचे तर बोलावे लागते. अभ्यासाचे नुकसान होत असेल तर छंद खुशाल बंद करा.

विद्यार्थी मित्रांनो, पॅरिसच्या रस्त्यावरच्या त्या दोघांना कोणी नाव विचारले नव्हते. त्या काळी खिडकीतून विचारणे शक्यही नव्हते. आपल्याला ते शक्य आहे. आपण रस्त्यावरच उभे असतो. समोरचा माणूस सलाम करत असेल तर आधी कॅमेरा खाली घ्या आणि त्याला सलामाचे उत्तर द्या. फोटो काय, तो उद्याही निघेल.